रविवारचा वाद

उपासना आटोपून पाळक बलभीम साळवे व्यंकट गुरुजींच्या ओसरीवर टेकले, तेव्हा चहाचे कप घेऊन खुद्द गुरुजीच बाहेर आले. दर रविवारच्या त्यांच्या वादाचा एक नियम होता : ज्याचा मुद्दा पडेल, त्याने चहा करायचा. आज तर वादाला अजून तोंडही फुटले नव्हते.

“हा मागच्या रविवारचा,” गुरुजी म्हणाले. मुरूम गावच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले होते. पुराव्यावाचून ते काही मानत नसत. “येशू मेलेल्यातून उठल्याचं खोटं शिष्यांनी रचलं असतं, तर त्या खोट्यापायी ते जीव द्यायला तयार झाले नसते, म्हणालात. आठवडाभर घोळवलं. खोडता येत न्हाय.”

पाळकांचा हात कपापाशीच थांबला. हे ऐकण्यासाठी त्यांनी कित्येक रविवार वाट पाहिली होती. “मग?”

“मग काय? चहा घ्या. पटणं वेगळं, गुडघं टेकणं वेगळं.”

पाळक हसले, पण ते शब्द त्यांना लागले होते. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, “एक सांगू, गुरुजी? ही सगळी उत्तरं मी पाठ करून इथं आलो होतो. तुम्ही खोदून खोदून विचारलं नसतं, तर जन्मभर नुसती पाठच म्हणत राहिलो असतो. तुमचे उपकार आहेत.”

“उपकार कशाचे? साखर जास्त झालीय का?”

एवढ्यात आतून गुरुजींच्या पत्नी कोंडाबाई आल्या. अंगावर ठेवणीतले लुगडे, हातात पिशवी. दारात सोलापूरला जाणारी गाडी उभी होती. उद्या तिथे त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची होती. उंबरा ओलांडेपर्यंतच त्यांना धाप लागली. गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली.

“आज भांडू नगा,” त्या बसत म्हणाल्या. “पाळकबाबा, लई भ्या वाटतंय बघा. तुळजापूरच्या आईला गाऱ्हाणं घातलंय. तुमच्या देवालाबी सांगा की.”

पाळकांनी गुरुजींकडे पाहिले. प्रार्थनेने हृदयाची झडप दुरुस्त झाल्याचा पुरावा काय, असा प्रश्न आता येणार, असे त्यांना वाटले. उत्तरही मनात जुळले. पण गुरुजींनी चष्मा काढला आणि ते खाली पाहत राहिले.

पाळकांनी डोळे मिटले.

“हे सर्वसमर्था, तू सृष्टीचा निर्माता आहेस. ज्या अर्थी तू निर्माता आहेस, त्या अर्थी मनुष्याचं हृदयही तुझीच रचना आहे. आणि जो रचना करतो, त्याला ती दुरुस्त करणं—”

“पाळकसाहेब,” गुरुजी हळूच म्हणाले, “त्याला कशाला पटवून देताय? मागा.”

पाळक थांबले. कोंडाबाईंचा धापेचा श्वास त्यांना ऐकू आला. मग त्यांनी नव्याने सुरुवात केली.

“प्रभो, ह्या घरानं मला प्रश्न दिले, त्याबद्दल तुझे आभार मानतो. कोंडाबाईंना भीती वाटतेय. मलाही वाटतेय. त्यांना घरी परत आण.”

 “आमेन” एवढेच म्हणून त्यांनी डोळे उघडले.

दोघांनी धरून कोंडाबाईंना गाडीत बसवले. पाळक दार लावणार, तोच कोंडाबाईंनी त्यांची बाही धरली.

“पाळकबाबा, मी न्हाय आले माघारी, तरी रविवार चुकवू नगा. ह्यांना भांडायला तुमच्याबिगर हाय कोन?”

पाळकांनी होकाराची मान डोलावली.

“सरक तिकडं,” गुरुजी म्हणाले आणि बायकोचा हात हातात घेऊन तिच्याशेजारी बसले.