निळा बूट

"नुसतं एक गाणं पाठ करून ओडेलच्या कार्यक्रमाला येऊ नकोस, लाज आणशील," आईने दम भरला होता. म्हणून आठवडाभर मी ओडेल प्रुइटच्या सगळ्या जुन्या रेकॉर्डी वाजवत बसले. अख्ख्या मेम्फिसला पाठ असलेलं त्याचं गाणं एकच, पुलाखालच्या चिखलात रुतलेल्या निळ्या बुटाचं.

१९६९च्या एप्रिलमध्ये माझी वर्लीनमावशी नदीत सापडली. तिच्या एका पायातला निळा बूट पुलाखाली मिळाला. "तिला पुरून घरी आलो आणि हे गाणं सुचलं," असं ओडेल दर कार्यक्रमात सांगतो आणि आईला स्टेजवर बोलावतो. आमच्या घरी येशूच्या शेजारी त्याचा फोटो आहे.

आज सकाळी जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या म्हाताऱ्याने कौतुकाने एक तबकडी माझ्या हातात ठेवली. "घे पोरी. त्याच गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग. ही बाजारात कधी आलीच नाही."

घरी येऊन मी ती दोनदा ऐकली. पूल, चिखल, निळा बूट, शब्दन् शब्द तोच. मग पाकिटावर स्टुडिओवाल्याने टाकलेली तारीख पाहिली: ११ जानेवारी १९६९.

"आवरलंस का गं?" चर्चला घालायची हॅट चढवून आई दारात उभी होती. "मी हात धरल्याशिवाय तो ते गाणं सुरूच करत नाही."

 

त्या जानेवारीत, मावशी घर सोडून पळाली असं समजून, आजी अजून तिला शिकागोत शोधत होती.