सोबत्याची सीट

"लिफ्ट सुरू झाली!" भाचा दारातूनच ओरडला आणि काळे हात न धुता तसाच आत आला.

आत्या खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसून कुणाच्या तरी कोटाचं रफू करत होती. तिने सुई कापडातच टोचून ठेवली. "आपली?"

"मग काय, शेजाऱ्यांची?"

आता हा भाचा लिफ्ट मेकॅनिक. शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्याच्या जिवावर चढतात-उतरतात आणि त्याच्याच बिल्डिंगची लिफ्ट चौदा महिने बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! विचारलं की उत्तर ठरलेलं, "कमिटीचं पत्र येऊ दे. घरच्या लिफ्टला फुकट हात लावला की जन्मभर लोक दार वाजवतील." कमिटी पत्र देईना, हा हात लावेना. भांडण त्यांचं आणि चौथ्या मजल्यावर कोंडून बसली आत्या. बटणं, दोरे लागले की ती खिडकीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. बरोबर खालीच बटणवालीचं दुकान होतं. बटणवाली म्हणजे आत्याची तीस वर्षांपासूनची मैत्रीण. गेले तीन महिने त्या दुकानाचं शटर खाली आहे आणि दोरी खिळ्याला गुंडाळून ठेवलेली आहे.

मग आजच लिफ्टला हात कसा लागला? फुटबॉलमुळे. जागतिक स्पर्धेची सेमीफायनल, रेल्वेने अकरा तासांवर. साध्या तिकिटांच्या सोडतीत भाच्याचा नंबर तीनदा हुकला. चौथ्यांदा त्याने डोकं चालवलं आणि आत्याच्या नावाने चाकाच्या खुर्चीची जागा मागितली. लागली की! मैदानापासून पाचवी रांग, तिथे आत्याची खुर्ची आणि तिला लागून सोबत्याची सीट. आज संध्याकाळी सहाच्या आत आत्याची सही पाठवायची, नाहीतर दोन्ही जागा दुसऱ्या कुणाला तरी. कामापुरता मामा सगळ्यांनाच असतो, याला आत्या सापडली.

हे सगळं त्याने उभ्याउभ्या, एका दमात सांगून टाकलं. स्टेशनवर उतार आहे, डब्यात खुर्ची चढते, हॉटेलची खोली तळमजल्यावर. "तुला काही म्हणजे काही करायचं नाही गं. नुसतं बसायचं."

"ते तर मी इथेही करते," आत्या म्हणाली आणि हसली. मनापासून हसली. चौदा महिने त्याच चार भिंती बघितलेल्या बाईला अकरा तासांचा प्रवास नको होईल होय? "एवढं मोठं गवत बघायला मिळेल. दे, कुठे करू सही?" तिने फॉर्म आणि पेन हातात घेतलं.

शहाण्याने इथेच गप्प बसावं. पण मेकॅनिकची खोड! काम झालं की जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे त्याला खात्री पटते. भाच्याने खिशात हात घातला आणि आत्याच्या तळहातावर एक तुकडा ठेवला. लिफ्टच्या दाराच्या कुलपातला, दार लागलं की वीज जोडणारा कॉन्टॅक्ट. एका बाजूने जळलेला, कोटाच्या बटणाएवढा.

"हे काय?"

"हाच गेला होता. नवा टाकला."

"एवढंच?"

"एवढंच! अर्ध्या तासाचं काम." आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच.

आत्याने तो तुकडा उलटासुलटा करून पाहिला. मग पेन आणि फॉर्म भाच्याला परत दिला. "खाली जाऊन येते."

"अगं, आधी सही तरी..." म्हणेपर्यंत तिने खुर्ची वळवलीसुद्धा. लिफ्टमध्ये शिरली, जाळीचं दार आपल्या हाताने ओढून घेतलं आणि निघून गेली.

भाचा फॉर्म घेऊन दहा मिनिटं लिफ्टच्या दाराशी येरझाऱ्या घालत राहिला. लिफ्ट वर येईना. शेवटी तो जिन्याने धावत उतरला. आत्या फार लांब गेलीच नव्हती. फाटकाशेजारी, बटणवालीच्या दुकानापुढे बसली होती. खुर्चीची पुढची चाकं शटरला टेकली होती.

"आत्या, पावणेसहा झाले गं."

"शेवटच्या आजारात ती इथेच होती, मागच्या खोलीत," आत्या शटरकडे बघतच म्हणाली. "रोज फोन करायची. म्हणायची, ये ना जरा, बसू दोघी. मी म्हणायचे, मेकॅनिक घरचाच आहे, लिफ्ट सुरू झाली की आलेच." तिने मूठ उघडली. जळका तुकडा तळहातात रुतून बसला होता. "अर्ध्या तासाचं काम होतं रे!"

इतकी लाज भाच्याला आयुष्यात वाटली नव्हती. तो दुकानाच्या पायरीवर बसला. फॉर्म त्याने घडी घालून खिशात ठेवला, मग परत बाहेर काढला, मग परत ठेवला.

सहाला पाच मिनिटं असताना त्याचा फोन वाजायला लागला. सही राहू नये म्हणून त्यानेच लावून ठेवलेला गजर. त्याने हात लावला नाही.

"बंद कर तो," आत्या म्हणाली. "माझी सोबत करायची होती ना तुला? मग बस इथेच."