साठ पावलं

"दुर्बीण नको," खोय तिसऱ्यांदा म्हणाला.

वेंडेल ब्रूसार्डने रायफलीवर बसवायची दुर्बीण आपल्या बंदुकांच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवली. "अरे बाबा, आपल्या वयाला समोर उभा बैल धड दिसत नाही. नळीच्या टोकावरची नेमाची ही एवढीशी माशी काय दिसणार तुला?"

"दिसेल तेवढी दिसेल. फौजेत होती तशीच हवी."

"तशीच्या तशी नाही मिळणार. फौजेतल्या एम-फोर्टीन रायफलीला धडाधड गोळ्या सोडायचा खटका असायचा. कायद्याने तो तुला देता येत नाही. मी बांधतो तिच्यातून एका चापाला एकच गोळी सुटते. बाकी लांबी, वजन, नेम धरायची पद्धत, सगळं हुबेहूब."

"नेम हुबेहूब असला म्हणजे झालं," खोय म्हणाला.

युद्धानंतर मायदेश सोडून आलेला दोआन खोय टेक्सासच्या त्या बंदरात चाळीस वर्षं कोळंबीची बोट चालवत होता. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने तो वयापेक्षा दहा वर्षांनी मोठा दिसायचा. गुडघे गेले, बायको गेली, गेल्या वर्षी बोटही विकून टाकली. गावात त्याला सगळे ओळखत, पण वेंडेलच्या दुकानाची पायरी तो पहिल्यांदाच चढला होता.

काम रेंगाळलं. मधला पोलादी गाभा एका कारखान्यातून मागवावा लागला, नळी दुसरीकडून, जुने सुटे भाग मिळतील तसे. खोय दर मंगळवारी दुपारी यायचा, डब्यात बर्फावर कोळंबी घेऊन. स्टुलावर बसायचा. वेंडेल कानस चालवायचा. दोघंही दमलेले होते आणि बोलायची घाई कुणालाच नव्हती.

एकदा वेंडेलने विचारलं, "युद्धात होतास ना?"

"होतो."

"कुठे?"

"भाताच्या खाचरात."

वेंडेल हसला. "सगळेच तिथे होतो रे. बरोबर कोण होतं?"

"तिघं होतो आम्ही. दोघं परत आलो."

वेंडेलचा हात थांबला. तोही एकोणिसाव्या वर्षी अमेरिकन फौजेतून खोयच्या देशात लढायला गेला होता आणि परतल्यावर पन्नास वर्षांत त्याने बायकोपाशीही त्यातलं काही काढलं नव्हतं. तो कानस ठेवून उठला. आतल्या खोलीत गेला आणि फडक्यात गुंडाळलेला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घेऊन आला.

"हा स्वतःसाठी ठेवला होता मी. वीस वर्षं झाली. माझी बांधायला काही हात वळला नाही. तुझ्या रायफलीला लावतो."

"नको. तुम्ही समजता तसा मी..."

"गप रे. आपल्यातल्यालाच देतोय."

खोयने रिकामा डबा उचलला. त्या दिवशी तो लवकर उठला. पुढचे दोन मंगळवार आलाच नाही. वेंडेलला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. शेवटी त्याने फोन केला.

"आजारी आहेस की रुसलायस?"

"गुडघे," खोय म्हणाला.

"गुडघे मलाही आहेत. ये गुपचूप. कॉफी एकट्याला कडू लागते."

मार्चमध्ये रायफल तयार झाली. कागदपत्रं झाली, चौकशी झाली. दुकानामागच्या मोकळ्या जागेत वेंडेलने मातीचा बांध घालून नेमबाजीची सोय केली होती. खोय आला तेव्हा त्याच्या एका हातात बांबूच्या दोन काठ्या होत्या, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"कागदी निशाण लावू?"

"मी आणलंय."

तो पावलं मोजत निघाला. मधे दोनदा थांबला, गुडघा चोळला. साठाव्या पावलावर त्याने एक काठी जमिनीत रोवली, दुसरी तिच्यावर आडवी बांधली. पिशवीतून धुतलेला, घडी घातलेला एक छोटा सदरा आणि विजार काढून काठ्यांवर अडकवली. खाली वाकून विजारीचे पाय जमिनीला टेकतायत का ते पाहिलं. मग तेवढंच अंतर चालत परत आला.

वेंडेलच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. "ही कसली थट्टा, खोय? लहान मुलाचे कपडे आहेत ते."

"मुलीचे." खोय टेबलाशी बसला. "गोळ्या भरू नका."

त्याने दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि मागच्या भोकातून, टोकावरच्या माशीवरून तो बघत राहिला. वाऱ्याने सदऱ्याची एक बाही हलली. वेंडेल बाजूला उभा होता. त्याने दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं.

"मी आठ वर्षांचा होतो," खोय गाल न उचलता म्हणाला. "आई, मी आणि धाकटी बहीण. बहिणीवर गोळी झाडून झाल्यावर तो अमेरिकन सैनिक जवळ आला. शिरस्त्राण काढून खाली बसला आणि रडायला लागला. दुभाष्याने आईला सांगितलं, एवढ्या लांबून नेम धरताना त्याला कळलंच नाही, पोर आहे म्हणून. आईने ते खरं मानलं. मरेपर्यंत रोज संध्याकाळी दोन उदबत्त्या लावायची. एक बहिणीसाठी, एक त्याच्यासाठी."

तो उठला आणि खुर्ची मोकळी केली.

"आता आई नाही. त्या दुसऱ्या उदबत्तीचं काय करायचं, ते माझं ठरत नाहीये. तुमचा हात या रायफलीवर बसलेला आहे. तुम्ही बघा एकदा. पोर आहे ते कळतं का?"

वेंडेल खुर्चीकडे गेला नाही. रायफलीलाही त्याने हात लावला नाही.

"मला बघायला नको," तो म्हणाला. "कळतं."