भुंग्या आणि वानरी

अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची कूस बदलून वेणू मागच्या पायरीवर मटकन बसली. अंगात त्राण उरलं नव्हतं. देवळात आज कीर्तन होतं, आणि कित्येक महिन्यांत तिच्या कानी टाळ पडला नव्हता.

सकाळीच थोरली जाऊ यमुनाअक्का कुंपणापलीकडून म्हणाली होती, "भावोजींपाशी मी बसते. तू जाऊन ये." पण फणसाच्या वाटणीवरून दोघींचा वर्षभर अबोला होता. वेणूनं नुसती मान फिरवली होती.

परसात काहीतरी हाललं. वानर दिसताच वेणूनं दगड उचलला, आणि हात तसाच राहिला. जन्मभर वानरांवर धावून गेलेला म्हातारा कुत्रा भुंग्या उन्हात आडवा पडला होता. एक वानरी त्याच्या कानामागचे गोचीड वेचत होती, बायका एकमेकींच्या उवा काढतात तशी. भुंग्यानं डोळे मिटून मान तिच्या मांडीवर टाकली.

दगड खाली ठेवून वेणू कुंपणापाशी गेली.

"अक्का, संध्याकाळी बसाल यांच्यापाशी?"

"वर्षानं तोंड उघडलंस, तेही काम सांगायला." अक्का पदराला हात पुसत फाटकातून आत आली. "आरती घेऊनच ये. मध्येच उठलीस तर बघ."