गळ्यातलं बटण

मेट्रनबाई डावा हात छातीशी धरून ज्येष्ठांच्या व्यायाम केंद्रातल्या हॉलच्या मधोमध उताण्या पडल्या होत्या. भिंतीकडेच्या खुर्च्यांवरची चौदा म्हातारी माणसं श्वास रोखून बघत होती.

"हात कुणी द्यायचा नाही," व्यायाम घेणारी ताई म्हणाली. बोलली सगळ्यांना, पण बघत होती दाराशी उभ्या असलेल्या मेट्रनबाईंच्या मुलाकडे.

तो ऑफिसातून अर्धी रजा टाकून आला होता. मायलेकांचं ठरलंच होतं तसं. आई एका हाताने, कुणाच्या मदतीशिवाय जमिनीवरून उठली, तर ती आपल्या घरात एकटी राहील. नाही उठली, तर महिनाअखेरीला घराला कुलूप आणि आई मुलाकडे.

चार महिन्यांपूर्वी मेट्रनबाई बाथरूममध्ये पडल्या होत्या. डावं मनगट मुरगळलं, बाकी हाडन्‌हाड शाबूत. तरी पाच तास त्या ओल्या फरशीवर होत्या. मुलाने दाराची कडी तोडली तेव्हा सुटल्या. चाळीस वर्षं वॉर्डातल्या माणसांना उठवून बसवलं, आणि स्वतःला काही उठवता आलं नाही. ही गोष्ट त्यांना मनगटापेक्षा जास्त दुखली. त्या दिवसापासून त्यांच्या गळ्यात दोरीला एक लाल बटण आलं. दाबलं की मुलाचा फोन वाजायचा. मेट्रनबाई त्याला घंटा म्हणायच्या, आणि घंटा कुणाच्या गळ्यात बांधतात हेही वर सांगायच्या.

त्यांचं चुकत कुठे होतं ते या केंद्रात कळलं. पहिल्याच दिवशी ताईने त्यांना जमिनीवरून उठायला सांगितलं. मेट्रनबाईंनी मान उचलली, खांदे उचलले, दात आवळले आणि परत आडव्या झाल्या. असं सहा वेळा.

"मेट्रनबाई, तुम्ही पेशंट उठवताय," ताई म्हणाली. "खांद्यांनी सरळ वर घ्यायला पलीकडे नर्स लागते. इथे पेशंटही तुम्हीच आणि नर्सही तुम्हीच. आधी कुशीवर वळा."

नाकावर माशी न बसू देणारी बाई. कालच्या पोरीने आपल्याला शिकवावं? आठवडाभर त्या केंद्राकडे फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी आल्या, चपला काढल्या आणि थेट सतरंजीवर आडव्या झाल्या.

आज त्या कुशीवर वळल्या. उजवं कोपर टेकलं, मग गुडघे. रांगत खुर्चीपाशी गेल्या. खुर्चीवर हात ठेवला तशी ती किंचित सरकली. मुलगा पुढे धावला, ताईने त्याला हात आडवा घातला. मेट्रनबाईंनी एक पाऊल पुढे रोवलं, जोर दिला, उठल्या आणि वळून खुर्चीवर बसल्या. चौदा जणांचा जीव भांड्यात पडला. टाळ्या तर अशा वाजल्या की शेजारच्या खोलीतले कॅरम खेळणारे बघायला आले.

मुलाने टाळी वाजवली नाही.

"इथलं ठीक आहे," तो म्हणाला. "खाली सतरंजी, खुर्ची हाताशी. असं काय, कुणीही उठेल."

"कुणीही?" ताई म्हणाली. "मग या ना तुम्ही. डावा हात छातीशी."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मुलगा बूट काढून उताणा झाला. त्याने मान उचलली, खांदे उचलले, शर्टाचं एक बटण तुटून उडालं आणि तो धपकन मागे पडला. पन्नाशी ओलांडलेली, पोट वयाच्याही पुढे गेलेलं. दुसऱ्या वेळी उताण्या झुरळासारखे नुसते पाय हलले. कुणीतरी फिसकन हसलं. तोही हसला. तिसऱ्या खेपेनंतर मात्र त्याचं हसू गेलं. तो पंख्याकडे बघत तसाच पडून राहिला.

"आई," तो हळूच म्हणाला, "पाच तास अशी होतीस?"

मेट्रनबाई उठून त्याच्याजवळ गेल्या. हात दिला नाही.

"कुशीवर वळ, राजा. खांद्यांनी उठू नकोस. आधी वळ."

तो वळला. कोपर, गुडघे, खुर्ची. आई एकेक सांगत गेली आणि तो करत गेला. शेवटी घामाघूम होऊन खुर्चीवर बसला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"कडी तोडताना मला वाटलं होतं, तू गेलीस," तो म्हणाला.

मेट्रनबाईंना चार महिन्यांत पहिल्यांदा त्याचा राग आला नाही. आपल्याला न्यायला निघालेला हा पोरगा त्या दिवसापासून घाबरलेलाच होता, आणि आपण त्याच्याशी नुसतं भांडत राहिलो. त्यांनी त्याचा घाम पदराने पुसला. मग गळ्यातली दोरी काढली आणि त्याच्या गळ्यात घातली.

"पडलास की दाब."

"अगं आई, ते माझ्याच फोनवर वाजतं."

"मग माझा नंबर घाल त्यात," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी घरीच असते."