मेंढरांची खूण

अकोले तालुक्यातल्या जंगलवाटेवर, हिरड्याच्या ढोलीत लपवलेला डबा आरतीने मैत्रिणींसोबत कोडं सोडवून शोधला. खेळाचा नियम असा, की आतल्या वहीत प्रत्येकीने स्वतः कोरलेला शिक्का उमटवायचा. कुणी गरुड उमटवला, कुणी फुलपाखरू. आरतीच्या शिक्क्यावर होती चंद्रकोर आणि खाली दोन टिंबं. ते पाहून सोबत आलेले तिचे वडील चपापले. मेंढरांच्या पाठीवर ते गेरूने हीच खूण करत. “पोरी, ह्याच रानातनं फारेस्टवाल्यांनी मला मेंढरांसकट हाकललं हुतं.” “म्हणूनच तुम्हाला आणलं, आबा. तुम्हीच उमटवा.” आबांनी मेंढरू धरावं तशी वही गुडघ्यांत दाबून धरली आणि शिक्का मारला. खूण लख्ख उठली. तेवढ्यात वाटेवरून वनरक्षक आला. एरवी खाकी दिसली की आबा झाडाआड व्हायचे. आज त्यांनी उघडी वही त्याच्यापुढे धरली. “हे बघा सायेब, आली आमची मेंढरं.”