दाराच्या डोळ्यातलं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गॅरेजचं दार अण्णांसाठी काही केल्या उघडेना, म्हणून त्यांच्या लेकीने, वैजूने, पान्हे काढले. तिने रुळांना ग्रीस लावलं, स्प्रिंग तपासली. मग दाराच्या कॅमेऱ्यावर, त्या काचेच्या डोळ्यावर, कुंकवाचं बोट दिसलं. पूजेच्या भरात अण्णांनी गाडीबरोबर दारालाही टिळा लावला होता.

"धन्य आहे तुमची, अण्णा!" म्हणत तिने डोळा पुसला.

ती स्टिअरिंगवर बसली, तसं दार सुरळीत वर गेलं आणि खाली आलं. अण्णा बसले, तर जागचं हलेना.

वैजूने मोबाइलवर दाराची नोंद उघडली. हल्लीची दारं चालकाला पारखूनच बाहेर सोडत. नोंदीत लिहिलं होतं, "तीन आठवडे पाहतो आहे. यांचा पाय ब्रेकवर उशिरा पोचतो. आता सोडणार नाही."

पस्तीस वर्षं एसटी चालवून एक ओरखडा न येऊ दिलेला माणूस गाडीत बसून तिच्याकडे बघत होता.

"काय म्हणतंय?"

"बिघडलंय," वैजू म्हणाली. "पार्ट मिळायला वेळ लागेल."

अण्णा उतरले, वळसा घालून डाव्या सीटवर बसले आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"अहो, उघडलं का दार?" आतून आईने विचारलं.

"डोळ्यात कुंकू गेलंय गं त्याच्या! आता वैजूच चालवेल." मग पट्टा लावत ते हळूच म्हणाले, "पार्टची घाई करू नकोस."

कोपऱ्यावर वैजूने ब्रेक दाबला. शेजारी अण्णांचाही पाय रिकाम्या जागी दाबला गेला, तिच्यानंतर जरासा.